मुकी कापणी

वादळ गेलं त्या सकाळी सासूबाई माझ्याआधी शेतावर पोचल्या होत्या. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात फडक्याची झोळी आणि पायात मामंजींच्या चपला. स्वतःच्या शोधायलाही थांबल्या नव्हत्या. मी मागून धापा टाकत बांधावर चढले आणि तिथंच थबकले. काल दुपारपर्यंत कमरेएवढा उभा असलेला गहू झाडून सगळा आडवा झाला होता. कुणीतरी अंथरूण विस्कटून उठून जावं तशी शेताची दशा झाली होती.

सासूबाई मात्र उकिडव्या बसल्या आणि डाव्या हातानं एक ओंबी खुडली. एका हातानं ओंबी चोळता येत नाही. त्यांनी ती माझ्यापुढे धरली. मी चोळून, फुंकर मारून दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यातला एक त्यांनी दाताखाली धरला.

"भरलाय," त्या म्हणाल्या. "आत्ता कापला तर घरात येईल. पुन्हा पाऊस आला की इथंच मोड फुटतील."

"आणि मग?"

"मग वर्षभर काय खायचं ते तू सांग."

एवढं बोलून त्या नदीकडे बघत राहिल्या. आमचं शेत नदीच्या काठाला लागून आहे. पलीकडच्या काठावर नावाडी होडी सोडायच्या तयारीत होता. सासूबाईंचा हात मोडला तो त्याच्यापायीच. गाण्यांच्या मेळ्याचं आमंत्रण द्यायला म्हणून ओल्या पायऱ्यांवरून तरातरा उतरल्या आणि घसरल्या. मनगटाचं हाड मोडलं, तरी आमंत्रण देऊनच परतल्या. मेळा आता चार दिवसांवर आला होता.

मेळा म्हणजे आमच्या सासूबाईंचा मेळा. दुसऱ्या कुणाचा असता तर मी त्या सकाळी त्याला बिनदिक्कत शिव्या घातल्या असत्या.

कापणीचं मशीन चालवणारा तिठ्यावर भेटला. मोटारसायकलवर बसल्याबसल्या एक पाय जमिनीवर टेकवून त्यानं आमचं ऐकून घेतलं.

"आडवा माल मशीन उचलत नाही, मावशी. वरनं फिरून येईल नुसतं, ओंब्या खालीच राहतील. विळाच लावा."

"विळा लावायला माणसं कुठायत आता?"

"ते मुकादमाला विचारा," म्हणाला, आणि किक मारून गेला.

मुकादम चहाच्या टपरीपुढच्या बाकावर बसला होता. मजुरांच्या टोळ्या त्याच्या हातात. सासूबाई त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. तरुणपणी याच मुकादमाच्या बापाकडे त्या टोळीची म्होरकी होत्या. आज तो उठून उभाही राहिला नाही. सरकून जागा मात्र केली. त्या बसल्या नाहीत.

"सगळ्यांचाच गहू पडलाय, मावशी. टोळ्या आधीच लागल्यात. पहिली टोळी तुमच्या शेजारी, पंपवाल्यांकडे, मग वरच्या अंगाला. तुमचा नंबर येईस्तोवर..." त्यानं आभाळाकडे हात केला आणि वाक्य तसंच सोडून दिलं.

बाकाच्या टोकाला बसलेला एक जण कपात बिस्किट बुडवत म्हणाला, "यांना मजूर कशाला लागतात? गायला बोलावलं की लोक शेत कापून देतात की यांचं."

दोघं-तिघं फिसकन हसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी तोंड उघडणार तोच सासूबाईंनी डाव्या हातानं माझं कोपर धरलं. गळ्यातल्या झोळीची गाठ मागे सरकवली आणि चालू लागल्या. मला मात्र त्या माणसाच्या कपात अख्खा पुडा बुडवावासा वाटत होता.

हे बोलणं जुनं होतं. त्याचा उगम कुठं झाला ते सांगायला हवं.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मेळा चांगला रुजला होता. आधीचं सगळं मामंजींनी सांगितलेलं. सासूबाई कापणीच्या टोळीत गाणाऱ्या होत्या. ओळीच्या तोंडाशी त्या, मागे बाकीच्या. त्या ओळ टाकायच्या, मागच्या उचलायच्या, आणि सगळ्यांचे विळे एकदम चालायचे. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. मग मशीन आलं. जुन्या टोळ्या मोडल्या. गाण्यांना कामच उरलं नाही. त्यांच्या टोळीतली एक म्हातारी वारली तेव्हा तिचं गाणं आठवावं म्हणून सासूबाई चुलीपुढे बसून राहिल्या, पण शेवटची ओळ काही येईना. वैतागून त्यांनी विळा उचलला आणि घरामागचं गवत कापायला बसल्या. तिसऱ्या-चौथ्या मुठीला ओळ आपसूक तोंडात आली. त्या तशाच उठल्या आणि हातात गवत घेऊन मामंजींना म्हणाल्या, "ही सगळी गाणी एकदा एका जागी बोलवायची."

मामंजी म्हणाले, "बोलव."

आमच्या मामंजींचं मेळ्यातलं योगदान एवढंच आणि त्याचा त्यांना फार अभिमान आहे.

पहिल्या वर्षी सासूबाईंनी सगळे करतात तसंच केलं. बाजाराच्या मैदानात फळ्यांचं स्टेज, वर सतरंजी. नावाडी, लोहार, पिंजारी, पलीकडच्या गावच्या दळणाऱ्या बायका, सगळे धुतलेले कपडे घालून आले. नावाडी वर चढला, हात लोंबते ठेवून उभा राहिला आणि रोज होडीचा दोर ओढताना म्हणायचा तेच गाणं विसरला. लोहाराचंही तेच. दळणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे बघत दोन ओळी म्हटल्या आणि त्याच दोन ओळी पुन्हा म्हटल्या. लोकांनी धीर द्यायला टाळ्या वाजवल्या, त्यानं तर उरलंसुरलंही पळालं. सासूबाई घामाघूम. शेवटी खालूनच ओरडल्या, "दोर आणा रे कुणीतरी!" दोर आला, खांबाला बांधला. नावाड्यानं पहिला हिसका दिला मात्र, आणि आवाज असा निघाला की मैदानाच्या कडेचे भाजीवाले उठून उभे राहिले.

तेव्हापासूनचा नियम: रिकाम्या हातानं गायचं नाही. फळ्या गेल्या त्या कायमच्या. लोहार ऐरण घेऊन येतो, पिंजारी कापूस घेऊन येतो, दळणाऱ्या जातं घेऊन येतात. लांबलांबून माणसं येऊ लागली. रेडिओवाले आले. एकदा शहरात सासूबाईंचा सत्कार झाला. तिथं हॉलमध्ये गाण्याचा आग्रह झाला तेव्हा त्यांनी विळा आणि गवत मागितलं. लोकांना वाटलं बाई विनोदी आहेत. त्या न गाता परत आल्या आणि मानचिन्ह आता आमच्या पिठाच्या डब्यावर झाकण उडू नये म्हणून ठेवलेलं असतं.

कापणीचं गाणं मात्र मैदानात कसं म्हणणार? म्हणून तिसऱ्या वर्षी त्यांनी मेळा आमच्याच शेतात घेतला. गहू उभा होता, माणसं आली, गाता गाता कापलाही गेला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेताचे मालक, ज्यांना सगळे पंपवाले म्हणतात, टपरीवर बोलून गेले: "वहिनींनी युक्ती झकास काढली. गाणी म्हणायला बोलावलं आणि शेत कापून घेतलं."

बोलले सहज. पण ते गावभर झालं. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या भरल्या टपरीपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आजपासून मेळ्यातलं एकही गाणं माझ्या शेतात होणार नाही. झालं तर मेळा बंद."

तो शब्द त्यांनी आजवर पाळला. त्यापायी दरवर्षी एक तमाशा होतो. नदीकाठचं गवत कापून आणायचं, मैदान भिजवून त्या चिखलात एकेक पेंढी खोवून उभी करायची, आणि मेळ्याच्या सकाळी तेच कापलेलं गवत सासूबाई गात गात पुन्हा कापणार. मेळ्याचं पहिलं गाणं ते. बघणाऱ्यांना कळत नाही. मला खोवताना दरवर्षी हसू येतं आणि दरवर्षी बोलणी बसतात.

यंदा हसू आलं नाही. मुकादमाकडून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी, माझा नवरा आणि मामंजी असे तिघं विळे घेऊन शेतात उतरलो.

पडलेला गहू कापणं म्हणजे अर्धं काम उचकटण्याचं. ओल्या काड्या एकमेकींत गुंतलेल्या, डाव्या हातानं उचलायच्या, झटकायच्या, मग खाली विळा घालायचा. तासाभरात कंबर आपली राहात नाही. मामंजींचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून ते पोतं अंथरून बसूनच पुढे सरकत होते. आणि नवरा? माझा नवरा माइकवाला आहे. सभा असो, दुकानाचं उद्घाटन असो, भोंगे त्याचे. हात तारा गुंडाळण्याचे. दुपारपर्यंत त्याच्या तळहाताला फोड आले, संध्याकाळपर्यंत फुटले.

सासूबाई बांधावर बसून होत्या. एका हातानं काही करता येत नाही म्हणून तोंडानं करत होत्या.

"अगं, विळा धरतेस की चमचा?"

"चमचा," मी म्हटलं. "तुम्ही शिकवलाय तसाच धरलाय."

"मी असा शिकवला असता तर टोळीनं मला हाकलली असती. मनगट सोड. मनगट!"

लग्न झाल्यापासून माझ्या विळा धरण्यावर त्यांचा राग आहे. मला एव्हाना त्याची सवय झाली होती. त्या दिवशी मात्र मी मान वर करून पाहिलं तेव्हा त्या माझ्या हाताकडे बघत होत्या आणि त्यांच्या झोळीतली बोटं आपोआप हलत होती. मी खाली वाकून पुढची मूठ धरली.

होडी जात-येत होती. मेळ्याचे गाणारे एकेक करून पलीकडून येत होते. होडीतून आमचं शेत सगळं दिसतं. लोहार दिसला, डोक्यावर कसलंसं बोचकं. त्यानं हात हलवला. मी विळ्यासकट हात हलवला आणि पुन्हा वाकले.

संध्याकाळी जेवताना नवऱ्यानं विषय काढला. ताटातला घास त्याला बोटांत धरवत नव्हता.

"आई, असं किती दिवस पुरणार? आज कोपराही झाला नाही शेताचा. माणसं येतायत सगळी. एक शब्द टाक नुसता. अर्ध्या दिवसाचं काम."

"नाही."

"अगं, ते आनंदानं करतील."

"म्हणूनच नाही." त्यांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "आनंदानं करतील, आणि जन्मभर लोक म्हणतील, बघा, शेवटी केलंच. मी ज्यांच्या दारी जाऊन गाणी मागितली त्यांच्याकडे मी गहू कापायला मागू? मग इतकी वर्षं मी केलं काय?"

"गहू गेला तर?"

"गहू गेला तर एक वर्ष उसन्यावर काढू. तोंड गेलं तर कुठून आणायचं?"

नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, "बघ. गावभर माझा आवाज चालतो, घरात एक शब्द चालत नाही." मामंजींनी आपल्या ताटातला कांदा सासूबाईंच्या ताटात सरकवला.

दुसऱ्या सकाळी मी चहा ठेवायला उठले तर मोरीपाशी सासूबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. पुटपुटत होत्या. कान दिला तर कापणीचंच गाणं.

*वाक गं बाई वाक, भुई बोलावते,*
*मूठभर घे गं, वाऱ्याला राहू दे...*

इथं त्या थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच थांबल्या. तिसऱ्यांदा तर "मूठभर" वरच अडकल्या. मागे वळल्या तेव्हा मी दिसले. त्यांचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. हात मोडला तेव्हाही नाही.

"हात बांधलाय म्हणून हो," मी म्हटलं. "प्लॅस्टर निघालं की येईल."

"आणि नाही आलं तर?" त्या म्हणाल्या. "म्हातारीचं गाणं जाऊ पाहत होतं, तसं माझं खरंच गेलं तर? मला सगळ्यांनी एवढं मोठं करून ठेवलंय, आणि मला माझं स्वतःचं गाणं येत नाही."

त्या डोळे पुसायला गेल्या आणि चुकून प्लॅस्टरचाच हात वर आला. मी फडक्यानं पुसले. मग दोघी चहा प्यायलो.

"यंदा पहिलं गाणं होणार नाही," त्यांनी कप ठेवता ठेवता सांगितलं. "नियम माझा आहे. रिकाम्या हातानं मी गाणार नाही. दळणाऱ्यांपासून सुरू करू."

मेळ्याच्या आदल्या दिवशी सगळे गाणारे शाळेच्या खोल्यांत उतरले होते. सासूबाई त्यांना भेटून आल्या. सगळे आदबीनं बोलले, हाताची चौकशी केली, पहिलं गाणं नाही हे ऐकून मान हलवली. शेताबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. "चांगली माणसं आहेत," घरी येऊन त्या म्हणाल्या, पण आवाजात थोडं काहीतरी दुखावल्यासारखं होतं. न विचारलेलं बरं, आणि न विचारलेलं लागतंही, तसलं. आम्ही तिघांनी त्या दिवशीही वाकून वाकून पाहिलं. शेत पुष्कळ उरलं होतं आणि पश्चिमेला ढग चढत होते.

मेळ्याच्या सकाळी नवरा अंथरुणात नव्हता. मामंजीही दिसेनात. गेले असतील मैदानावर म्हणून मी लक्ष दिलं नाही. सासूबाईंना न्हाऊ घातलं, प्लॅस्टरवर पिशवी बांधून. केस विंचरले. झोळीला धुतलेलं फडकं बदललं. त्यांनी आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "नवरदेवाच्या आत्यासारखी दिसतेय." पण खूश होत्या.

आम्ही मैदानात पोचलो. गावातल्या पोरांनी सवयीनं गवत खोवून ठेवलं होतं. ऐरण होती, लोहार नव्हता. खांबाला दोर होता, नावाडी नव्हता. जातं होतं, त्यावर एक कावळा बसला होता. अख्ख्या मैदानात माणूस म्हणून नाही.

सासूबाई ऐरणीवर बसल्या.

फाटकाबाहेर चहाची किटली घेऊन एक जण उभा होता. त्याला मी विचारलं. "उजाडताच गेले की सगळे," तो म्हणाला. "नदीकडे."

"परत गेले," सासूबाई म्हणाल्या. "बरोबरच आहे. ढग आलेत. आणि जिथं पहिलं गाणंच नाही तिथं दुसऱ्यानं कशाला थांबावं? संपला गं मेळा." त्या रडल्या नाहीत. नुसत्या त्या खोवलेल्या गवताकडे बघत राहिल्या, आणि मला इतकं भरून आलं की मी पुढे होऊन एक पेंढी उपटून फेकून दिली.

"उठा," मी म्हटलं. "होडी एका फेरीत किती माणसं नेणार? निम्मे अजून काठावर असतील. निदान निरोप तरी देऊ."

नदीची वाट आमच्या शेतावरून जाते. वळणावर मी पुढे होते. पुढचं दिसलं आणि मी थांबले तशा सासूबाई मागून येऊन माझ्यावर आदळल्या.

शेत माणसांनी भरलं होतं.

लोहार होता, पिंजारी होता, दळणाऱ्या बायका होत्या, ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत असे लांबचे गाणारे होते. सगळे ओळीनं वाकलेले, हातात विळे. मामंजी पोत्यावर बसून पेंढ्या बांधत होते. माझा नवरा हाताला फडकी गुंडाळून बांधावर पेंढ्या वाहात होता. निम्म्याहून जास्त शेत मोकळं झालं होतं.

आणि आवाज नव्हता. विळ्यांची करकर, धापा, मधेच कुणाचा खोकला, एवढंच. इतके गाणारे एका जागी आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. लोहारानं तर रुमाल बांधला होता तोंडावर, त्याला स्वतःचा भरवसा नसावा. एका बाईनं दातात काडी धरली होती. पिंजाऱ्याच्या घशातून नकळत हूं असा सूर निघाला, तशी शेजारणीनं त्याला कोपरानं ढोसलं.

"काय चाललंय हे?" सासूबाई ओरडल्या. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

कुणी मान वर केली नाही. नावाडी तेवढा उठला. कंबरेवर हात ठेवून मागे वाकला आणि म्हणाला, "कुणी सांगायला कशाला हवं? होडीतून दिसतं की. गेले तीन दिवस तुमच्या सुनेचं वाकणं बघतोय सगळे."

"माझा शब्द—"

"शब्द पाळलाय, मावशी. मेळ्यातलं गाणं तुमच्या शेतात नाही. एक ओळ नाही. गातोय कुठं? कापतोय नुसतं."

सासूबाईंचं तोंड उघडं राहिलं. मला इतकं हसू फुटलं की मी तोंडावर हात दाबला, आणि हाताखाली डोळ्यांतून पाणीही येत होतं.

पण काम नीट चाललं नव्हतं, ते मलाही दिसत होतं. ओळ नागमोडी झाली होती. एक पुढे, एक मागे. दोघींचे विळे एकमेकींना लागता लागता राहिले. ज्यांनी सगळा जन्म गाण्यावर हात चालवला त्यांना गाण्याशिवाय हात सापडत नव्हता. पश्चिमेकडून गार वारं सुटलं होतं आणि ढग नदीपार आले होते.

ओळीच्या मधोमध एक जण हाश्शहुश्श करत उभा राहिला. टोपी काढली, कपाळ पुसलं. पाहते तर पंपवाले. त्यांचं शेत आदल्या दिवशीच निघालं होतं.

"वहिनी," ते म्हणाले. सगळं शेत थांबून ऐकायला लागलं. "म्हणा काहीतरी आता. कंबर मोडली माझी बिनगाण्यानं. बोललो होतो ते मी बोललो होतो. तेव्हा मला वाटलं गाणं म्हणजे आमिष. आज कळलं, गाण्याशिवाय फुकटातसुद्धा परवडत नाही."

पिंजारी मोठ्यानं हसला. पंपवाले हसले नाहीत. टोपी हातातच धरून उभे राहिले.

"मी तुमच्यापायी गवत खोवलं," सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं. चिखलात."

"ठाऊक आहे."

"लोक हसले मला."

"मीच हसवलं. आता ढग बघा आणि म्हणा."

सासूबाईंनी ढगांकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं. मग झोळीतल्या हाताकडे. माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाल्या, "अगं, येत नाहीये मला. हात रिकामा आहे."

मला दुसरं काही सुचलं नाही. मी नवऱ्याच्या कमरेचा विळा ओढून घेतला, सगळ्यांच्या पुढे ओळीच्या तोंडाशी गेले आणि त्यांना दिसेल असं वाकले. "माझ्या हाताकडे बघा," मी म्हटलं, आणि पहिली मूठ धरली.

एक मूठ गेली. दुसरी गेली. मागे काहीच नाही. तिसऱ्या मुठीला मी मनगट सोडलं, त्या सांगतात तसं, आणि मागून आवाज आला. जाडसर, थरथरता.

*वाक गं बाई वाक, भुई बोलावते,*
*मूठभर घे गं, वाऱ्याला राहू दे...*

इथं त्या थांबल्या. माझाही हात थांबला होता. काडीत गुंता होता म्हणून. मी गुंता झटकला, विळा घातला, ओढला. आणि पुढची ओळ आली.

*राहिलं ते पाखराचं, उचललं ते घरचं गं...*

मागून सगळ्यांनी एकदम उचललं. लोहारानं तोंडावरचा रुमाल खाली ओढला. मला मागे बघायला सवड नव्हती, पण ऐकू येत होतं, सगळे विळे एका ठेक्यात आले होते. माझी कंबर दुखायची थांबली, किंवा दुखत असेल, मला कळत नव्हतं. जीव असा भांड्यात पडला होता की मी तशीच नदीपर्यंत कापत गेले असते.

शेवटची पेंढी बांधून झाकली तेव्हा थेंब पडायला सुरुवात झाली. आम्ही सगळे शेडमध्ये, झाडाखाली, पंपवाल्यांच्या पंपाच्या खोलीत जिथं जागा मिळेल तिथं शिरलो. मेळा तिथंच झाला, पावसाच्या आवाजात. दोर नव्हता म्हणून नावाड्यानं पंपाचा पट्टा ओढला.

सासूबाई माझ्या शेजारी पेंढ्यांवर टेकून बसल्या होत्या. आवाज पार बसला होता. त्यांनी माझा उजवा हात ओढून मांडीवर घेतला, तळव्यावरचे फोड डाव्या अंगठ्यानं चाचपून पाहिले. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं म्हणतील.

"पुढच्या वर्षी पहिलं गाणं इथंच, आपल्या शेतात," त्या म्हणाल्या. "पण तेवढं मनगट सुधार बाई. आजसुद्धा चमचाच धरला होतास."